व्हीपीएनच्या खिडकीतील थर : कार्यालयीन बोगद्याचा तीस वर्षांचा इतिहास

१/
विंडोज संगणकावर कार्यालयाचे व्हीपीएन जोडताना 'व्हीपीएन टाइप' नावाचा एक रकाना येतो. तो उघडला की पीपीटीपी, एलटूटीपी, एसएसटीपी, आयकेईव्ही-२ अशी नावे दिसतात. आयटी विभागाने सांगितलेला पर्याय निवडून बहुतेक जण पुढे जातात. ही नावे काळाच्या क्रमाने लावली, तर १९९६पासूनचा एक सलग इतिहास समोर येतो.

२/
एकाच कंपनीतील तिघे एकाच सर्व्हरला जोडू पाहतात. विंडोजवाला जोडला जातो, मॅकवाल्याला तो पर्यायच सापडत नाही, लिनक्सवाल्याला आधी कोणते पॅकेज बसवायचे हे ठरवावे लागते. तिघांचा पासवर्ड बरोबर असतो. हा फरक का पडतो, याचे उत्तर वापरणाऱ्याच्या चुकीत क्वचितच सापडते. ते बहुतेकदा जुन्या निर्णयांत असते. हा धागा त्या निर्णयांविषयी.

३/
प्रथम एक खुलासा. परदेशी चित्रपट पाहण्यासाठी किंवा ओळख लपवण्यासाठी जाहिरातींतून विकले जाणारे व्हीपीएन येथे अभिप्रेत नाही. येथे विषय आहे तो घरातील किंवा प्रवासातील संगणक कार्यालयाच्या आतल्या जाळ्यास जोडणाऱ्या व्हीपीएनचा. मूळ शोध त्यासाठीच लागला.

४/
इंटरनेटपूर्वी मोठ्या कंपन्या आपली कार्यालये भाड्याच्या तारांनी जोडत. या 'लीज्ड लाइन' फक्त त्या कंपनीच्या असत आणि अतिशय महाग असत. १९८०च्या दशकात अमेरिकेत एटी अँड टीने सामायिक दूरध्वनी जाळ्यातूनच प्रत्येक ग्राहकास खासगी जाळ्याचा आभास देणारी सेवा विकली. 'आभासी खासगी जाळे' ही कल्पना अशी टेलिफोनच्या व्यवसायातून आली.

५/
भारतात हीच गरज सॉफ्टवेअर निर्यातीने निर्माण केली. १९९१मध्ये स्थापन झालेल्या 'सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया'च्या आरंभीच्या केंद्रांत पुणे होते. परदेशी ग्राहकाच्या संगणकाशी जोडणी उपग्रहमार्गे मिळे. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

६/
फिरतीवरील कर्मचाऱ्याचा प्रश्न वेगळा होता. तो हॉटेलातील फोनला मोडेम जोडून थेट कार्यालयातील मोडेमला फोन लावी. विंडोज एनटीतील 'रिमोट ॲक्सेस सर्व्हिस', संक्षेपाने 'रास', हे काम करी. कॉल दूरच्या शहराचा असेल तर बिल मिनिटामिनिटाने वाढे. कार्यालयालाही मोडेमांच्या रांगा आणि तितक्या टेलिफोन लाइन पोसाव्या लागत.

७/
१९९६मध्ये मायक्रोसॉफ्ट, असेंड, थ्रीकॉम, यूएस रोबोटिक्स आणि ईसीआय टेलिमॅटिक्स यांनी यावर तोडगा मांडला. फोन स्थानिक इंटरनेट कंपनीला लावायचा आणि कार्यालयाशी होणारे संभाषण इंटरनेटमधून, पाकिटात पाकीट घालून पाठवायचे. हाच पीपीटीपी, म्हणजे 'पॉइंट-टू-पॉइंट टनेलिंग प्रोटोकॉल'. पुढे १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अधिकृत दस्तऐवजाच्या लेखकांत गुरदीप सिंग पॉल यांचे नाव आहे.

८/
पीपीटीपी विंडोज एनटी ४.०मध्ये अंगभूत होता आणि विंडोज ९८मध्येही आला. वेगळे काही विकत घ्यावे लागत नसे, म्हणून तो झपाट्याने पसरला. ज्या कार्यालयाचा सर्व्हर विंडोजचा, त्याचा बोगदाही विंडोजच्या पद्धतीचा, ही रूढी येथे पडली. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांना पुढे दीर्घकाळ या घरात पाहुण्यासारखे वावरावे लागले.

९/
त्या टेलिफोन युगाचा अवशेष आजच्या विंडोजमध्येही सापडतो. व्हीपीएनची माहिती ज्या फाइलमध्ये साठवली जाते, तिचे नाव 'रासफोन.पीबीके'. पीबीके म्हणजे फोनबुक. आदेशाने व्हीपीएन जोडायचे असेल तर 'रासडायल' हा शब्द टाइप करावा लागतो. नंबर कोणी फिरवत नाही, तरी वही टेलिफोनचीच आहे.

१०/
'एरर ६९१' हा सुप्रसिद्ध क्रमांकही त्याच वंशातला. नाव, पासवर्ड किंवा डोमेन जुळले नाही, इतकाच त्याचा अर्थ. अनेकदा पासवर्ड बरोबर असतो, पण नावाआधी कंपनीचे डोमेन लिहिलेले नसते किंवा पासवर्डची मुदत संपलेली असते. केबल, राउटर आणि इंटरनेटवर यात संशय घेण्याचे कारण नाही. हा निरोप यायचा तर सर्व्हरपर्यंत पोहोचणे झालेलेच असते.

११/
फोनबुकची आणखी एक खोड. व्हीपीएन जोडले जाते, पण नेहमीचे सामायिक फोल्डर पुन्हा पासवर्ड मागते किंवा नकार देते. कारण विंडोज त्या फोल्डरलाही व्हीपीएनचेच नाव-पासवर्ड दाखवते. 'रासफोन.पीबीके'मधील 'यूज रास क्रेडेन्शियल्स' या ओळीतील १च्या जागी ० करणे हा त्यावरचा जुना, आजही चालणारा उपाय. कार्यालयीन संगणकावर तो आयटी विभागाला विचारूनच करावा.

१२/
पीपीटीपीचा बोगदा सोयीचा होता, त्याचे कुलूप मात्र कच्चे होते. १९९८मध्ये ब्रूस श्नायर आणि 'मज' या नावाने ओळखले जाणारे संगणकसुरक्षातज्ज्ञ यांनी मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीतील गंभीर दोष जाहीर केले. सुधारित आवृत्ती आली, पण तिचीही सुरक्षितता अखेरीस वापरणाऱ्याच्या पासवर्डावर टांगलेली राहिली.

१३/
२०१२मध्ये डेफ कॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी उरलेली भिंतही पाडली. त्या पद्धतीची सारी सुरक्षा एका जुन्या डीईएस चावीइतकी दुबळी ठरते, आणि विशेष यंत्रावर ती चावी एका दिवसात शोधता येते, हे त्यांनी दाखवले. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नव्हता. तरीही अनेक कार्यालयांनी 'चालते आहे ना' म्हणून पीपीटीपी चालू ठेवला.

१४/
कच्च्या कुलपामागे कायदाही होता. १९९६ अखेरपर्यंत अमेरिका बळकट कूटलेखनाची गणना युद्धसामग्रीत करी. पुढे विषय वाणिज्य खात्याकडे गेला, पण निर्यातीवरील बंधने खऱ्या अर्थाने सैल झाली ती २०००च्या आरंभी. तोवर परदेशांत जाणाऱ्या विंडोजमध्ये ४० बिटांची दुर्बल चावी असे, अमेरिकेत १२८ बिटांची. एकाच नावाचे सॉफ्टवेअर, पण देशानुसार कुलूप वेगळे.

१५/
दुसरी वाट इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळाने आखली. आयपीसेक या नावाने तिचे पहिले दस्तऐवज १९९५मध्ये आणि सुधारित १९९८मध्ये निघाले. कुलूप भक्कम होते, पण रचना समितीने केलेली. प्रत्येकाच्या आग्रहाचा एकेक पर्याय तिच्यात शिरला. पुढे तिचे परीक्षण करताना नील्स फर्ग्युसन आणि श्नायर यांनी याच गुंतागुंतीवर बोट ठेवले.

१६/
या गुंतागुंतीचा परिणाम रोजच्या वापरात दिसतो. दोन्ही टोकांनी कूटलेखनाची तीच पद्धत आणि चाव्यांची तीच लांबी मान्य केल्याशिवाय आयपीसेकची बोलणी पुढे सरकत नाहीत. सर्व्हर नवा आणि संगणक जुना असेल, तर दोघांची सामायिक भाषाच उरत नाही. वापरणाऱ्यास दिसते ते एकच वाक्य : बोलणी अयशस्वी.

१७/
लिनक्सवरील आयपीसेकची कथा राजकीय आहे. १९९६मध्ये जॉन गिलमोर यांनी 'फ्रीस्वान' प्रकल्प सुरू केला. इंटरनेटवरील वाहतूक सरसकट कूटबद्ध करून टेहळणी अवघड करावी, हा हेतू. अमेरिकी निर्यात कायद्याचा अडथळा नको म्हणून अमेरिकी नागरिकांनी लिहिलेला कोड हा प्रकल्प स्वीकारतच नसे. म्हणजे ज्या देशात तो कल्पिला गेला, तेथील नागरिकांना त्यात हात घालता येत नव्हता.

१८/
'फ्रीस्वान' २००४मध्ये थांबला. त्याच्या वारशातून ओपनस्वान, स्ट्राँगस्वान आणि पुढे लिब्रेस्वान निघाले. दरम्यान लिनक्सच्या गाभ्यात स्वतंत्र आयपीसेक येऊन बसले होते. त्यामुळे लिनक्सवर आजही 'व्हीपीएन कसे जोडावे' याआधी 'कोणत्या पॅकेजने' हा प्रश्न येतो. जोडणीच्या खिडकीत एलटूटीपीचा पर्याय दिसत नसेल, तर बहुधा नेटवर्क मॅनेजरचे त्यासाठीचे वेगळे प्लगइन बसवायचे राहिलेले असते.

१९/
एलटूटीपी हे १९९९चे अपत्य. मायक्रोसॉफ्टची पीपीटीपी आणि सिस्कोची एलटूएफ या दोन प्रतिस्पर्धी पद्धतींचा तो समेट. त्यात स्वतःचे कूटलेखन अजिबात नाही. म्हणून तो आयपीसेकच्या आवरणात गुंडाळून वापरतात. अशा जोडणीत दोन गुपिते लागतात : यंत्रांना परस्परांची ओळख पटवणारी सामायिक चावी आणि माणसाचा पासवर्ड. दोन्हींची अदलाबदल हा पहिल्या दिवशीचा नेहमीचा घोटाळा.

२०/
पण आयपीसेकला खरा अडथळा आला तो घरातील छोट्या पेटीचा, म्हणजे राउटरचा. इंटरनेटचे पत्ते अपुरे पडणार हे दिसताच १९९४मध्ये 'नॅट' ही युक्ती मांडली गेली. घरातील सगळी यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे राहतात आणि राउटर प्रत्येक पाकिटावरचा पत्ता बदलून ते पुढे धाडतो. तात्पुरती म्हणून आलेली ही सोय कायमची झाली.

२१/
आयपीसेकच्या एका प्रकारात पाकिटावरील पत्त्यालाही मोहोर लावलेली असते. वाटेत कोणी पत्ता बदलला की मोहोर जुळत नाही आणि पलीकडचे टोक ते पाकीट फेकून देते. राउटर पत्ता बदलतो ते आपले काम म्हणून, आयपीसेक त्यास छेडछाड समजते. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर, आणि कर्मचारी मात्र घरून जोडला जात नाही.

२२/
पीपीटीपीचीही याच पेटीशी अडचण होती. त्याचा मजकूर जीआरई या वेगळ्या प्रकारच्या पाकिटांतून जातो आणि त्यांना पोर्ट क्रमांकच नसतात. दोन यंत्रांपैकी कोणाचे पाकीट कोणते, हे राउटरने ओळखावे कसे? म्हणून राउटरांत 'पीपीटीपी पासथ्रू' आणि 'आयपीसेक पासथ्रू' अशी बटणे आली. आजही अनेक घरगुती राउटरांच्या पानांवर ती आहेत.

२३/
आयपीसेकची नॅटशी तडजोड जानेवारी २००५मध्ये नियमबद्ध झाली. पाकिटावर आणखी एक साधे यूडीपी आवरण चढवायचे आणि ४५०० क्रमांकाच्या पोर्टवरून पाठवायचे. म्हणून आजही आयपीसेक जोडले जात नसेल, तर जाणकार प्रथम यूडीपी ५०० आणि ४५०० हे दोन मार्ग उघडे आहेत का, ते पाहतो.

२४/
विंडोजने येथे वेगळे वळण घेतले. २००४च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २पासून, सर्व्हरच नॅटमागे असेल तर अशी जोडणी सुरक्षेच्या कारणाने मुळातच नाकारली जाऊ लागली. ती मान्य करण्यासाठी रजिस्ट्रीत 'अझ्यूम यूडीपी एन्कॅप्सुलेशन' अशा शब्दांनी सुरू होणारी नोंद हाताने घालावी लागते. त्याच सर्व्हरला मॅक आणि फोन बिनतक्रार जोडले जातात आणि विंडोज 'एरर ८०९' दाखवते, त्याचे एक मोठे कारण हे.

२५/
पत्त्यांच्या टंचाईचा दुसरा वारसा १९९६चा. खासगी वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले गेले, त्यांपैकी १९२.१६८ने सुरू होणारे घरोघरी पोहोचले. घरातील राउटर आणि कार्यालयातील जाळे दोघांनीही १९२.१६८.१ हाच गट निवडला असेल, तर संगणक कार्यालयाच्या सर्व्हरला घरातच शोधत बसतो. व्हीपीएन 'जोडले' दिसते, पण आतले काहीच उघडत नाही. घरच्या राउटरचा गट बदलला की प्रश्न मिटतो.

२६/
ॲपलची वाट याहून निराळी. मॅकमध्ये २००९च्या स्नो लेपर्डपासून सिस्कोच्या पद्धतीचे आयपीसेक अंगभूत आले, २०१५च्या एल कॅपिटनमध्ये आयकेईव्ही-२ आले. विंडोजचा एसएसटीपी मात्र मॅकमध्ये कधीच अंगभूत झाला नाही. त्यामुळे केवळ विंडोजचा विचार करून उभारलेल्या सर्व्हरला मॅकवाल्याने जोडावे कसे, हा प्रश्न अनेक कार्यालयांत रेंगाळला.

२७/
सप्टेंबर २०१६मध्ये ॲपलने मॅकओएस सिएरा आणि आयओएस १०मधून पीपीटीपी काढूनच टाकला. अपडेट केल्यावर जुन्या जोडण्या यादीतून नाहीशा झाल्या. अनेकांना तो बिघाड वाटला. तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि कंपनीने त्याची पूर्वसूचनाही दिली होती. चार वर्षांपूर्वी उघडे पडलेले कुलूप वापरू देणार नाही, असा त्याचा अर्थ.

२८/
पुढे मॅकवर आणखी एक पायरी वाढली. २०१९च्या कॅटलिनापासून ॲपलने गाभ्यात शिरणाऱ्या एक्स्टेंशनांना निरोप देण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या जागी बाहेर चालणारी 'सिस्टिम एक्स्टेंशन' आणली. म्हणून व्हीपीएनचे ॲप बसवल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन 'अलाउ' म्हणावे लागते. ते राहून गेले, तर ॲप उघडते, बटण दाबले जाते आणि पुढे काही घडत नाही.

२९/
दरम्यान हॉटेले, विमानतळ आणि ग्राहकांची कार्यालये आपल्या फायरवॉलमधून वेबखेरीज फारसे काही जाऊ देत नव्हती. तेव्हा बोगदाच वेबच्या वेशात नेण्याची युक्ती रूढ झाली. मायक्रोसॉफ्टचा एसएसटीपी २००८मध्ये याच हेतूने आला. तो ४४३ या पोर्टवरून जातो, जेथून सुरक्षित संकेतस्थळे चालतात. ते पोर्ट बंद करणे कोणालाच परवडत नाही.

३०/
त्याआधीच, मे २००१मध्ये, जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली होती. मध्य आशियात प्रवास करीत असताना अनोळखी देशांतील इंटरनेट कंपन्यांमार्गे कार्यालयाशी जोडले जाण्याची अस्वस्थता, हे त्यामागचे कारण त्यांनी सांगितले आहे. गाभ्याला हात न लावता, साध्या प्रोग्रॅमप्रमाणे चालणारा बोगदा त्यांनी बांधला.

३१/
त्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवर तीच सेटिंग्जची फाइल चालू लागली. अशा बाहेरून बसवलेल्या ॲपने तिघांना एका रांगेत बसवले. किंमत होती ती वेगाची, कारण प्रत्येक पाकीट गाभा आणि प्रोग्रॅम यांच्यात ये-जा करी. विंडोजवर त्यासाठी एक आभासी नेटवर्क कार्डही बसते. मोठ्या अपडेटनंतर ओपनव्हीपीएन अडले, तर प्रथम तेच तपासतात.

३२/
वेबचे कुलूप घेतले, तसा वेबचा काटेकोरपणाही आला. येथे सर्व्हरची ओळख सर्टिफिकेटने पटते आणि सर्टिफिकेटला आरंभाची व अखेरची तारीख असते. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी संपून घड्याळ मागे गेले, तर संगणकाच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मलेलेच नसते. पासवर्ड बदलण्यात तास घालवण्यापूर्वी कोपऱ्यातील तारीख एकदा पाहावी, ती यासाठी.

३३/
'जोडले गेले, पण आतले संकेतस्थळ नावाने उघडत नाही' ही तक्रार डीएनएसची. नावाचा पत्ता कोणाला विचारायचा, हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या परंपरेने ठरवते. लिनक्सने युनिक्सकडून एकच साधी फाइल घेतली, जिच्यावर पुढे अनेक प्रोग्रॅम हक्क सांगू लागले. विंडोज प्रत्येक जोडणीसाठी वेगळी यादी ठेवते. आकडी पत्त्याने उघडते आणि नावाने नाही, तर बोगदा ठीक आहे असे समजावे.

३४/
याउलट 'लॉगिन होते, पण मोठी फाइल अडते' ही तक्रार आकाराची. इथरनेटचे पाकीट नेहमी १५०० बाइटांपर्यंतचे. बोगद्याचे आवरण त्यातील काही जागा खाते. पाकीट फार मोठे आहे असा निरोप राउटरांनी परत पाठवावा, अशी व्यवस्था १९९०मध्येच ठरली होती. पण सुरक्षेच्या नावाखाली अनेकांनी ते निरोपच अडवले. मग पाकीट हरवते आणि का हरवले, ते कळत नाही. उपाय : एमटीयूचा आकडा थोडा कमी करणे.

३५/
मार्च २०२०मध्ये हे सारे थर एकदम उघडे पडले. भारतात त्यात एक कायदेशीर थरही होता. कॉल सेंटर आणि बीपीओ यांना दूरसंचार विभागाचे 'ओएसपी' नियम लागू होते. कर्मचाऱ्याने घरून काम करायचे, तर १ कोटी रुपयांची सुरक्षा ठेव आणि दूरसंचार कंपनीनेच पुरवलेले व्हीपीएन, अशा अटी होत्या. साधे इंटरनेट आणि त्यावरील बोगदा पुरेसा मानला जात नव्हता.

३६/
१३ मार्च २०२० रोजी विभागाने या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. आठवड्याभरात, २० मार्चला, मुंबई महानगर, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील अत्यावश्यक नसलेली कार्यालये बंद ठेवण्याची घोषणा राज्य सरकारने केली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी आली. नोव्हेंबर २०२०मध्ये तर ओएसपी नियमच मोठ्या प्रमाणात मोडीत निघाले. दूरस्थ कामाला या क्षेत्रात कायमची मुभा मिळाली ती अशी.

३७/
फिरतीवरील मोजक्या लोकांसाठी बांधलेल्या बोगद्यातून आता संपूर्ण कार्यालय जाऊ पाहत होते. सर्व्हरची क्षमता आणि लायसन्सची संख्या दोन्ही अपुरी पडली. व्हिडिओ बैठकाही त्याच बोगद्यातून गेल्याने तो तुंबे. म्हणून मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिस सेवांची वाहतूक बोगद्याबाहेरून थेट जाऊ द्यावी, असा सल्ला दिला. या 'स्प्लिट टनेल'ला तोवर अनेक सुरक्षा विभागांचा विरोध होता.

३८/
त्याच आठवड्यात, २९ मार्च २०२० रोजी, लिनक्सची ५.६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या गाभ्यात वायरगार्ड होते. जेसन डोनेनफेल्ड यांच्या या रचनेचा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा. तिने आयपीसेकच्या समितीचा धडा उलटा गिरवला. कूटलेखनाच्या पद्धती निवडण्याची सोयच ठेवली नाही. निवड नाही, म्हणून बोलणी फिसकटण्याचा प्रश्नही नाही.

३९/
त्याचीही एक बाजू आहे. चावी चुकली तर वायरगार्ड काहीच बोलत नाही. अनोळखी पाकिटाला उत्तर न देणे हे त्याच्या सुरक्षेचेच अंग. म्हणून 'एरर ६९१'सारखा आधार मिळत नाही. 'लेटेस्ट हँडशेक'ची नोंद दिसत नसेल, तर चावी, पत्ता किंवा पोर्ट यांपैकी काही चुकले असे समजावे. ती दिसत असूनही आतले काही उघडत नसेल, तर 'अलाउड आयपीज' ही ओळ पाहावी.

४०/
जुने थर नव्या अपडेटखाली कसे हलतात, याचे उदाहरण जानेवारी २०२२मधले. ११ तारखेच्या विंडोज अपडेटनंतर अनेकांच्या एलटूटीपी जोडण्या तुटल्या. सेटिंग्ज तीच, पासवर्ड तोच. सहा दिवसांनी, १७ तारखेस, मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती दिली. दरम्यान जिथे ते अपडेट काढून टाकले गेले, तिथे व्हीपीएन परत आले, पण त्या महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्याही गेल्या.

४१/
बोगदा चालू राहणे जितके महत्त्वाचे, तितकेच जुना बोगदा वेळेवर बुजवणे. मे २०२१मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या कंपनीला आपली इंधनवाहिनी बंद करावी लागली. हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्यास दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे ओटीपीसारखी, पडताळणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली.

४२/
मूळ गृहीतक तपासायला हवे, असे काहींनी आधीच म्हटले होते. बोगद्यातून आत आलेला तो आपला, हे १९९०च्या दशकातील तत्त्व. २००९मधील हल्ल्यानंतर गूगलने ते सोडले आणि २०१४पासून 'बियाँडकॉर्प' या नावाने आपली पर्यायी पद्धत जगापुढे मांडली. आत-बाहेर असा भेद न करता प्रत्येक सेवेच्या दारात माणूस आणि यंत्र दोघांची तपासणी. 'झीरो ट्रस्ट' म्हणून आज विकली जाणारी उत्पादने याच विचाराची.

४३/
ऑक्टोबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरच्या पुढील आवृत्त्यांत पीपीटीपी आणि एलटूटीपी यांना निरोप देण्याचे जाहीर केले आणि एसएसटीपी व आयकेईव्ही-२कडे वळण्यास सुचवले. अँड्रॉइडने २०२१च्या १२व्या आवृत्तीपासूनच नव्या अंगभूत जोडण्यांतून हे दोन्ही वगळले होते. यादीतील सर्वांत जुने थर आता पुसले जात आहेत.

४४/
हा इतिहास लक्षात ठेवला, तर बिघाड शोधण्याचा क्रमही सापडतो. व्हीपीएनविना इंटरनेट चालते का? घड्याळ बरोबर आहे का? मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडले जाते का? जात असेल, तर दोष घरच्या राउटरचा. नकार लगेच येतो की बराच वेळ वाट पाहून? लगेच आला तर ओळख चुकली, उशिरा आला तर वाट अडली. जोडल्यावर नावाने उघडत नाही, तर डीएनएस. मोठेच अडते, तर एमटीयू. अपडेटनंतर थांबले, तर ती पद्धत अजून शिल्लक आहे का, ते पाहावे.

४५/
घरून काम करणाऱ्याने जोडणी न झाल्याचे कळवले, की 'तुमच्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी असेल' हे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. त्या सकाळी वाया गेलेला वेळ त्याच्या नावावर मांडला जातो. त्या लॅपटॉपमध्ये खरोखरच काहीतरी असते : अमेरिकेचा निर्यात कायदा, पत्त्यांची टंचाई, दोन कंपन्यांचा समेट, एक रद्द झालेली पद्धत. यांपैकी काहीही त्याने निवडलेले नसते. तक्रार कोणत्या थरातील आहे एवढे त्याला नेमके सांगता आले, तरी उत्तर बदलते.

(धागा समाप्त)